तिसऱ्या संध्याकाळची साक्ष

आमच्या जळगावच्या मंडळीत दर वर्षी थंडीत तीन दिवस संजीवन सभा असतात. चर्चच्या आवारात मांडव पडतो, सतरंज्या येतात, बाहेरगावचा वक्ता येतो. महिला मंडळाची चिटणीस म्हणून स्वयंपाकापासून पाहुण्यांच्या अंथरुणांपर्यंत सगळं बघणं नऊ वर्षं माझ्याकडे होतं. कोणाला खाली बसवत नाही, कोणाला तिखट चालत नाही, पेटीवाल्याचा घसा बसलाय का, हे सगळं मला तोंडपाठ असायचं. प्रार्थनाही तोंडपाठच होती. पाळकसाहेबांनी खूण करायचा अवकाश, मी उभी राहून पाच मिनिटं न अडखळता प्रार्थना करत असे. बायका म्हणायच्या, तुमच्या प्रार्थनेनं डोळ्यांत पाणी येतं. माझ्या डोळ्यांत कितीतरी वर्षांत आलं नव्हतं.

घरी एकटी असले की मी प्रार्थना करत नसे. सकाळी चहा ठेवताना एखादं वाक्य ओठांवर यायचं आणि पुढे सरकायचं नाही. नवरा असोद्याच्या शाळेत शिक्षक, मी इथल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, मुलगी शिकायला पुण्याला. दिवस भरलेला असायचा. आपण आतून कोरडे पडलोय याकडे बघायला वेळ नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला बघायचंच नव्हतं.

त्या वर्षी वक्ते म्हणून नंदुरबारकडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. सत्तरीच्या पुढचे, अंगात हातमागाचा सदरा, सगळे त्यांना आबा म्हणत होते. आवाज चढवणं त्यांना जमत नव्हतं. मागच्या ओळीतल्या लोकांनी "माइक जवळ धरा" असं दोनदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तुम्हीच थोडं पुढे या."

पहिल्या संध्याकाळी ते म्हणाले, "दर वर्षी तुम्हाला सांगतात, ज्यानं तुमचं वाईट केलं त्याला माफ करा. मी आज दुसरंच सांगतो. तुमच्यामुळे ज्याचं वाईट झालं असं एक माणूस आठवा. एकच. आणि देवाशी काहीही बोलायच्या आधी त्याचं नाव घ्या."

मी मांडवाच्या कडेला पाण्याचा जग घेऊन उभी होते. नाव आठवायला मला एक क्षणही लागला नाही. जग खाली ठेवून मी स्वयंपाकाकडे निघून गेले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. दवाखान्यात आम्ही सगळे तिला मावशी म्हणत होतो.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि धुळ्याच्या एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होते. मावशी तिथे आया होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. ती पावरा समाजातली. नवरा लवकर गेलेला, लहान मुलगा आईकडे ठेवून ती धुळ्यात राहत होती. ती आमच्याच मंडळीत यायची आणि माझ्या शेजारी बसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण गीत सुरू झालं की गायनाचं पुस्तक उघडून हातात धरायची आणि धुळ्यात उचललेल्या अहिराणीत मला विचारायची, "पान बरोबर शे ना?" मी पान काढून द्यायचे. मग ती पुस्तकाकडे बघत सगळी कडवी पाठ म्हणायची. नवजात लेकरू हाताळण्यात तिच्यासारखं कोणी नव्हतं. रडणारं मूल तिच्या हातात गेलं की शांत व्हायचं. डॉक्टरही तिच्याकडे बिनधास्त सोपवायचे.

जानेवारीतली एक दुपार. सकाळी जन्मलेलं एक लेकरू वजनानं कमी होतं आणि गार पडत होतं. मावशीनं पाणी तापवून ठेवलं होतं आणि ती मागची मोरी धुवायला गेली होती. रबरी पिशवीत गरम पाणी मी भरलं. पिशवी फडक्यात नीट गुंडाळायची, आपल्या मनगटावर लावून बघायची, मग लेकराच्या अंगापासून लांब ठेवायची, हे मला शिकवलेलं होतं. तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. मी पिशवी तशीच पायापाशी सरकवली, वरून दुलई घातली आणि पळाले.

तासाभरानं त्या लेकराच्या आईनं किंकाळी फोडली. लेकराच्या डाव्या पावलावर मोठे फोड आले होते.

नातेवाईक जमले, आरडाओरडा झाला. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "पाणी कोणी तापवलं?"

कोणीतरी म्हणालं, "मावशीनं."

"आणि पिशवी कोणी ठेवली?" त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "मी लेबर रूममध्ये होते, सर."

वाक्य खरं होतं. तासभर मी तिथेच होते. त्याच्या आधीचा भाग मी गिळून टाकला.

मावशी दारात उभी होती, हात ओले. "मी नही ठेवी, साहेब," ती म्हणाली. "पाणी मी तपाडं, पन पिशवी..." ती आपल्याच हातांकडे बघायला लागली. तिची गोंधळलेली नजर मी नीट पाहिली, आणि तरी गप्प राहिले. संध्याकाळच्या आत तिला कामावरून काढलं. गाठोडं घेऊन ती जिन्यावरून उतरली, मला बघून थांबली आणि म्हणाली, "सिस्टर, त्या लेकराना पायले रोज देखजो."

मी रोज बघितलं. जखम भरली, व्रण राहिला. पंधरा दिवसांनी ते लोक आपल्या गावी गेले.

उद्या सांगू, असं मी पहिल्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या कामाचं कौतुक केलं, मग सांगणं आणखी अवघड झालं. महिन्याभरानं सांगण्यात काही अर्थ उरला नाही असं वाटायला लागलं. मग लग्न झालं आणि मी जळगावला आले. पुढे शिकले आणि शिकवायला लागले. दर वर्षी नवजात बाळाला ऊब देण्याचा धडा आला की माझा आवाज इतका कडक व्हायचा की मुली वहीतून मान वर करत नसत. त्या म्हणायच्या, मॅडम या एका धड्याला फार चिडतात.

संजीवन सभेच्या दुसऱ्या दिवशी मी आबांच्या समोर गेलेच नाही. तिसऱ्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे माइकवरून माझं नाव पुकारलं, "आता आपल्या महिला मंडळाच्या चिटणीस साक्ष देतील." नऊ वर्षं देत होते, त्या दिवशी नाही कसं म्हणणार? मी उभी राहिले. मला डेंग्यू झाला होता तेव्हा मंडळीच्या प्रार्थनेनं मी कशी वाचले, ते सांगितलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज हलका करायचा, हे मला येत होतं. लोक आमेन म्हणाले. पुढच्या ओळीत दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला.

सभा सुटल्यावर माझ्याच कॉलेजातली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी धावत आली. तिनं माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुमच्यासारखा विश्वास मला पाहिजे. माझ्यासाठी मागा ना."

तिचे डोळे भरलेले होते आणि ती मनापासून बोलत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला एक शब्दही सुचेना. पाच मिनिटं न अडखळता बोलणारी मी. ती वाट बघत उभी राहिली. शेवटी मी एवढंच म्हणाले, "तू घरी जा, बेटा. माझ्यासारखा नको मागूस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मांडववाले बांबू उतरवत होते तिथून मी सरळ घरी आले आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या नवऱ्यासमोर खुर्ची ओढली. बावीस वर्षांच्या संसारात जे सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली.

"मलाही नाही सांगितलंस," ते म्हणाले.

"नाही."

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"धुळ्याला जाणार. डॉक्टरांना सांगणार. मग मावशी जिथे असेल तिथे."

"अगं, कॉलेजला कळलं तर? नोकरीवर येईल. आणि ती बाई आता आहे का नाही, ते तरी माहीत आहे का तुला?"

"कळू दे कॉलेजला. आणि नसेल तर तिच्या मुलाला सांगेन."

ते म्हणाले, "मी येऊ बरोबर?"

"नको. केलं तेव्हा मी एकटी होते."

पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं मी धुळ्याला गेले. पारोळा मागे पडला तेव्हा उतरून परतीची गाडी धरावी असं वाटलं. मी पर्स घट्ट धरून बसून राहिले.

दवाखाना आता डॉक्टरांची सून चालवते. ते स्वतः मागच्या घरात, ऐंशीच्या घरातले, झोपाळ्यावर बसलेले. मला ओळखलं, चहा मागवला. मी चहा येण्याआधीच बोलून टाकलं.

"हो, एक पाय भाजलेलं लेकरू आठवतंय," ते म्हणाले. "पण मावशी कोण?"

पाच वर्षं त्यांच्याकडे राबलेली बाई त्यांना आठवत नव्हती. मी तिचं वर्णन केलं, गाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "असेल. अगं, किती जुनी गोष्ट ही. तू चांगली नर्स होतीस. कशाला मनाला लावून घेतेस?"

"सर, मला लिहून पाहिजे."

"काय?"

"पिशवी मी ठेवली होती, हे मी लिहून आणलंय, खाली माझी सही आहे. त्याखाली तुम्ही एवढंच लिहा की तिला काढलं ती चूक होती."

त्यांचा चेहरा बदलला. "मी असं काही लिहिणार नाही. उद्या भानगड झाली तर?"

"माझं नाव वर आहे, सर. भानगड माझी होईल."

"नाही म्हणजे नाही."

मी म्हणाले, "मग मी बसते." आणि बसले. ते जेवायला आत गेले. जेवून थोडे पडले. तीन वाजता बाहेर आले तेव्हा मी त्याच खुर्चीवर होते. सून दोनदा येऊन बघून गेली होती. ते झोपाळ्यावर बसले, पायानं हलका झोका घेतला आणि थांबले.

"तू तेव्हा अशी बसली असतीस तर," ते म्हणाले.

"हो, सर."

त्यांनी पेन मागितलं. तीन ओळी लिहायला बराच वेळ लागला. त्या लेकराच्या घरच्यांचा पत्ता मी विचारला. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली म्हणून कधीच टाकून दिली होती. गाव साक्री बाजूचं, एवढंच त्यांना आठवत होतं, तेही खात्रीनं नाही. त्यांना सांगण्याचं काम माझ्याच्यानं आजवर झालेलं नाही. त्या बाजूच्या मंडळ्यांत विचारून झालं, कोणाला काही ठाऊक नाही. मी विचारणं सोडलेलं नाही.

मावशीचा पत्ता मात्र लागला. शिरपूरच्या पाळकांना फोन केला, त्यांनी दोन दिवसांत कळवलं: आहे, मुलाजवळ राहते, तब्येत बरी आहे. पुढच्या आठवड्यात मी शिरपूरला उतरले आणि तिथून जीपनं वर निघाले. जीपमध्ये बसल्या बसल्या मी काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते. ती रडेल, मी रडेन, ती मला जवळ घेईल, मग आम्ही दोघी गुडघे टेकू. तेव्हा करायची प्रार्थनासुद्धा मी तयार केली होती. सवय इतक्या लवकर जात नाही.

घर कुडाचं, सारवलेलं, पुढे मोठं अंगण. मावशी अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होती. केस पांढरे झाले होते, पण खांदे तसेच होते. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"तू धुळानी सिस्टर ना?"

"हो, मावशी. सलाम," मी मंडळीतल्या रीतीनं म्हणाले.

"सलाम. बठ." तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. पिशवी मी भरली होती, फडकं मी गुंडाळलं नाही, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी लपवलं.

तिच्या हातातली काठी थांबली. "आखो सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

"आखो."

तिसऱ्यांदा सांगताना तयार केलेलं एकही वाक्य शिल्लक राहिलं नव्हतं. ती हळूच खाली बसली, शेंगांच्या ढिगाशेजारी.

"मंग मी नही?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी. मी."

"बठ्ठा म्हनेत, तूच ठेवी. मंग मालेबी तसंच वाटाले लागनं. ध्यानमा नही, पन मन्हाच हातथून व्हयनं व्हई." ती आपल्या तळहातांकडे बघत होती. सगळे म्हणाले म्हणून तिनंही ते खरं मानलं होतं. "रोज मी प्रभूले सांगे, त्या लेकराना पायनी माफी दे."

मी या गोष्टीची कल्पनाच केली नव्हती. तिला राग असेल, तिचं काम गेलं, हाल झाले असतील, हे सगळं मी धरून चालले होते. माझा गुन्हा ती स्वतःचा समजून रोज देवापुढे मांडत असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तीच बोलली, मराठीत, हळू आवाजात. "आमच्या सासूबाई नवीन लेकराला हात लावत नाहीत. माझी दोन्ही झाली तेव्हाही घेतलं नाही. चालायला लागली तेव्हा घेतलं. बाया बोलवायला यायच्या, तुम्ही दवाखान्यात होत्या, आंघोळ घाला म्हणायच्या. त्या घरात जाऊन बसायच्या. आम्हाला वाटायचं यांना लेकरं आवडत नाहीत."

मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. मावशी म्हणाली, "वाच." मी वाचला. तिनं तो घेतला, नीट घडी केली आणि पोलक्यात खोचला. मग उठली.

"आते तू जाय," ती म्हणाली.

"मावशी, मला..."

"जाय."

ती घरात गेली. सुनेनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं, जा. जीप मिळेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला पळसाखाली उभी राहिले. तिथे माझ्या तोंडून एक वाक्य निघालं: "देवा, ती पिशवी मी ठेवली." पुढे काही सुचलं नाही आणि सुचावं असंही वाटलं नाही. मी तेच पुन्हा म्हटलं. कितीतरी वर्षांनी मी बोलत होते आणि समोर कोणीतरी ऐकत होतं, एवढं मला स्पष्ट कळलं. त्यानं बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पाय मात्र जमिनीवर घट्ट टेकले होते.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "केलं का माफ?"

"नाही."

"मग?"

"परत जाणार."

फेब्रुवारीत पुन्हा गेले. मावशी माझ्याशी बोलली नाही. पाणी दिलं आणि सुपात डाळ घेऊन खडे निवडत बसली. मी दुसरं सूप घेतलं आणि तिच्याजवळ बसून निवडायला लागले. दुपारपर्यंत आम्ही दोघी निवडत होतो. निघताना ती म्हणाली, "तुन्ही खाडा राहू दिधा," आणि माझ्या सुपातले चार खडे काढून मला दाखवले. मला ते बोलणं फार मोलाचं वाटलं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मोहाची फुलं वेचणं सुरू होतं. ती टोपली घेऊन निघालेली, मीही मागे गेले. झाडाखाली वाकल्या वाकल्या ती म्हणाली, "गावमा सांग. बठ्ठासमोर सांग. त्यासले वाटस, मी लेकरू भाजीसन उनू."

लेकरू भाजून ती परत आली, अशी बातमी गावात आली होती तर. चोवीस वर्षं ती त्या बातमीसकट तिथे जगली होती.

रविवारी पत्र्याच्या छपराच्या प्रार्थनाघरात तीसेक माणसं जमली होती. तिथल्या पाळकांनी माझं बोलणं पावरीत सांगायचं कबूल केलं. त्यांनी आधीच बजावलं, "ताई, लहान लहान वाक्य बोला. मोठं वाक्य मला धरता येत नाही." म्हणून मी लहान वाक्यं बोलले. पिशवी मी भरली. मी फडकं गुंडाळलं नाही. लेकरू भाजलं. मला विचारलं. मी खोटं बोलले. तुमच्या बाईचं काम गेलं. तिनं काहीच केलं नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर मला थांबावं लागायचं आणि तेवढ्या वेळात समोरचे चेहरे बघावे लागायचे. आवाज हलका करायची, डोळे मिटायची तिथे सोयच नव्हती.

एक म्हातारी उठून काहीतरी म्हणाली. पाळकांनी सांगितलं, "त्या विचारतात, तुम्ही आधी का नाही आल्या?"

"भीती होती," मी म्हणाले. "आणि माझं सगळं चांगलं चाललं होतं."

मग मावशी उभी राहिली आणि तिनं पावरीत प्रार्थना केली. मला त्यातला "सिस्टर" हा एकच शब्द कळला, तो तीनचारदा आला. मी पाळकांना अर्थ विचारला नाही. बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"राग शे," ती म्हणाली. "जाई हळूहळू. तू येत ऱ्हाय."

त्यानंतर जळगावच्या मंडळीत सांगणं राहिलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, माझ्या खोलीत सांगितलंत, पुरे झालं. मी म्हणाले, साक्ष मांडवात दिली होती, तर ती तिथल्याच लोकांपुढे दुरुस्त करायला हवी. उपासनेनंतर मी उभी राहिले. डेंग्यूची गोष्ट खरी होती, पण त्या संध्याकाळी मला जे सांगायला हवं होतं ते मी दडवलं, असं म्हणून ते सांगितलं आणि चिटणीसपद सोडलं. मंडळातल्या काही जणींनी त्यानंतर बोलणं कमी केलं. एक जण माझ्या तोंडावर म्हणाली, "बाई, हे सगळं चारचौघांत काढायची काय गरज होती? आता आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा?" तिला राग येणं साहजिक होतं. मी ऐकून घेतलं.

कॉलेजच्या प्राचार्यांनी लेखी मागितलं, मी दिलं. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि मग बोलावलं. "वर्गात सांगायची तयारी आहे?" "आहे," मी म्हणाले. त्या वर्षीच्या वर्गाला मी तो धडा माझ्या स्वतःच्या चुकीवरून शिकवला. दोन दिवसांनी एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. आदल्या दिवशी वॉर्डात तिनं ताप न मोजताच चार रुग्णांचे आकडे लिहिले होते. पूर्वी मी तिला फाडून खाल्लं असतं. मी उठले, तिला म्हणाले, "चल, आता जाऊन मोजू. मग सिस्टर इन-चार्जना तू स्वतः सांग. मी बाजूला उभी राहते." तिनं सांगितलं.

आता मी रोज सकाळी प्रार्थना करते. मोठी नसते. लोकांसमोर करायची वेळ आली तर अडखळते, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. काही सकाळी कोरडं वाटतं, तरी बसते. विश्वास ताजा होतो तो एकदाच आणि कायमचा होतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या बाबतीत तरी रोज उठून परत त्या कामाला लागावं लागतं.

महिन्यातून एक रविवार मी वरच्या गावात असते. मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावात झालं, तेव्हा ती आठ दिवस आमच्याकडे राहिली. माझ्या हातच्या कळण्याच्या भाकरीला तिनं नावं ठेवली, नवऱ्याला "मास्तर, तुम्हीन काही बोलतस नही" म्हणून बोलतं केलं, आणि पंख्याखाली झोप येत नाही म्हणून गच्चीवर खाट टाकायला लावली. पट्टी निघाली त्या दिवशी मी तिला विचारलं, "मावशी, वाचायला शिकायचं का?"

"आते? हाऊ वयमा?"

"हो, या वयात."

ती हसली, पण नाही म्हणाली नाही. गावी जाताना तिनं पिशवीत पाटी घेतली. आता गेलं की आधी डाळ नाहीतर शेंगा, जे काय निवडायचं असेल ते निवडून होतं, मग तासभर अक्षरं. ळ तिला येत नाही, ती त्याच्यावर चिडते, पुसते आणि परत काढते. मागच्या खेपेला सारवलेल्या ओट्यावर बसून तिनं स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं. पाटी माझ्यापुढे धरून म्हणाली, "देख, बरोबर शे का?"

बरोबर होतं.